‘आमच्यावर विश्वास नाही का?’

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. इमारतीच्या मागच्या बाजूला, दोन मोटारी काढून मोकळ्या केलेल्या जागेत प्लास्टिकच्या वीस-पंचवीस खुर्च्या मांडलेल्या असतात. सभेची वेळ सकाळी दहाची. दहा वाजता तिथे सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका एवढीच मंडळी हजर असतात. सूचनापत्राच्या तळाशी नेहमीचे वाक्य असतेच : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. त्याप्रमाणे साडेदहाला सभा सुरू होते. मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम होते. हिशेबपत्रके मंजूर होतात. बटाटेवड्याच्या बशा फिरू लागतात आणि नेमके तेव्हा काका चष्मा सावरत विचारतात, “गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला सहा लाख वीस हजार लागले असं इथं लिहिलंय. कोटेशनं किती आली होती? जरा बघायला मिळतील का?”

क्षणभर कुणी बोलत नाही. सेक्रेटरींचा चेहरा पडतो. “काका, गेली चार वर्षं नोकरी सांभाळून हे सगळं करतोय. एक पैसा घेतलेला नाही. आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?”

काका ओशाळतात. “तसं नाही हो...” एवढेच म्हणून खाली बसतात. विषय संपतो. पण त्या दिवसापासून दोघे जिन्यात भेटले की नमस्कार जरा तुटक होतो, आणि पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत एक कुजबूज पसरते : काहीतरी असल्याशिवाय का चिडले?

तपशील थोडेफार बदलतील. वड्यांच्या जागी सामोसे असतील, गच्चीच्या जागी लिफ्ट असेल. पण दादरपासून डोंबिवलीपर्यंत आणि कोथरूडपासून नाशिकच्या कॉलेज रोडपर्यंत हा प्रसंग ज्याने पाहिला नाही, असा सभासद सापडणे कठीण. यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट एकच आहे. काकांनी विचारले होते कागदाविषयी. त्यांना उत्तर मिळाले चारित्र्याविषयी. आपल्या गृहनिर्माण संस्थांमधली निम्मी भांडणे या एका गल्लतीतून जन्माला येतात. हिशेब पाहायला मागणे म्हणजे चोरीचा आरोप करणे, असे मागणाऱ्यालाही वाटते आणि देणाऱ्यालाही. मग सज्जन माणसे मागत नाहीत, जे मागतात ते भांडणाच्या तयारीनेच मागतात, आणि प्रामाणिक सेक्रेटरीसुद्धा संशयाच्या छायेत आपली मुदत संपवतो.

आधी माणसे, मग घर

महाराष्ट्रात आज लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. साखर कारखाने, दूधसंघ आणि बँका यांच्यामुळे सहकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ग्रामीण महाराष्ट्र येतो. पण संख्येने पाहिले तर सहकारातला सर्वांत मोठा गट शहरांतल्या या इमारतींचाच आहे. मध्यमवर्गीय माणसाची जन्मभराची सर्वांत मोठी मिळकत तिथे गुंतलेली असते, आणि तिचा कारभार पाच-सात शेजाऱ्यांच्या हाती असतो.

या संस्थांची सुरुवात वेगळ्या हवेत झाली. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली. त्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांची धडपड होती. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचे नाव सांगते. त्या काळच्या आणि पुढच्या कित्येक संस्थांमध्ये माणसे आधी एकत्र येत आणि घर नंतर उभे राही. एका ज्ञातीची, एका कचेरीतली, एका बँकेतली किंवा एका पेशातली मंडळी वर्गणी गोळा करत, जमीन शोधत, वास्तुशिल्पी ठरवत. वांद्र्याच्या साहित्य सहवासात लेखकमंडळींनी घरे उभारली तीही याच वाटेने. सभासद एकमेकांना ओळखत होते, एकमेकांच्या घरची लग्नेकार्ये त्यांनी पाहिली होती. विश्वास हे त्या संस्थांचे भांडवलच होते.

पुढे चित्र उलटले. बिल्डर इमारत बांधू लागला, सदनिका विकू लागला आणि विक्री झाल्यावर घेणाऱ्यांची संस्था नोंदवून देऊ लागला. सदनिकाधारकांच्या संरक्षणासाठी १९६३ साली झालेल्या कायद्याने ही जबाबदारी त्याच्यावर टाकली. म्हणजे आता घर आधी आले आणि माणसे नंतर. एका जिन्यात कोल्हापूरचे कुटुंब, समोर कच्छचे, वर केरळचे, खाली भाड्याने राहणारी तीन तरुण मुले. यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी, लिफ्ट आणि गच्ची. परस्परांच्या ओळखीतून येणारा विश्वास इथे असणारच नव्हता. त्याची जागा कागदाने घ्यायला हवी होती. घोळ असा झाला की माणसे नवी आली, पण ‘आपलीच माणसे आहेत, हिशेब कसले मागायचे’ ही जुनी भाषा मात्र तशीच राहिली.

कायदा काय देतो?

कायदा सभासदाला बरेच काही देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यानुसार आणि आदर्श उपविधींनुसार सभासदाला संस्थेचे उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची तसेच समितीच्या सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क आहे. ठरलेली फी भरून त्यांच्या प्रतीही मागता येतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. समितीचे सदस्य आपल्या निर्णयांना संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार धरले जातात. संस्थेने दाद दिली नाही तर उपनिबंधकांचे कार्यालय आहे, सहकार न्यायालय आहे.

माहितीच्या अधिकाराचे काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की, निव्वळ सहकार कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या संस्था या ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाहीत. म्हणजे सेक्रेटरीला थेट माहिती अधिकाराचा अर्ज देता येत नाही. मात्र निबंधकाकडे असलेली, किंवा त्याला कायद्याने संस्थेकडून मागवता येणारी माहिती निबंधकामार्फत मागण्याचा रस्ता त्याच निकालाने मोकळा ठेवला.

समित्यांच्या मनमानीला आवर घालण्यासाठी शासनाला आकडेसुद्धा ठरवून द्यावे लागले आहेत. सदनिका विकताना ‘स्वेच्छा देणगी’च्या नावाखाली लाखोंची मागणी होऊ लागली, तेव्हा २००१ साली हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये केली गेली. घर भाड्याने देणाऱ्यांकडून वसूल होणारे बिनभोगवटा शुल्क त्याच वर्षी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधले गेले. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून किती घ्यावे हे मंत्रालयाने ठरवावे लागते, यातच काय ते आले.

तेव्हा हक्क आहेत. ते वापरले का जात नाहीत, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, जिन्यात आहे. नगरपालिकेला अर्ज देताना आपण कारकुनाचे तोंड पुन्हा पाहणार नसतो. सेक्रेटरी मात्र रोज लिफ्टमध्ये भेटतो. रात्री दोन वाजता आईला धाप लागली तेव्हा ज्याच्या गाडीतून दवाखाना गाठला, त्याच्याकडे व्हाउचरची फाइल कुठल्या तोंडाने मागायची? या संकोचाला हसण्याचे कारण नाही. शेजारधर्म तो हाच. पण याच संकोचाच्या आडोशाला कधी कधी गैरकारभार वाढतो, आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा, काहीही गैर नसताना गैर असल्याची शंका वाढते.

हिशेब असतो, कारण नसते

शंका कशी वाढते ते पाहण्यासारखे आहे. काकांच्याच प्रश्नाकडे परत जाऊ. समजा, वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशने आली. सर्वांत स्वस्त कंत्राटदार एक वर्षाची हमी देत होता, मधला दहा वर्षांची. समितीने मधला निवडला. निर्णय शहाणपणाचा होता. पण इतिवृत्तात लिहिले गेले ते एवढेच : ‘चर्चेअंती अमुक यांना काम देण्याचे सर्वानुमते ठरले.’ चर्चा काय झाली, स्वस्त माणूस का नाकारला, हमी किती, यांतले काहीच कागदावर आले नाही. ताळेबंदात ती सगळी कथा ‘दुरुस्ती खर्च’ या एका ओळीत मिटली. दोन वर्षांनी समिती बदलली, सेक्रेटरी मुलाकडे बंगळूरला गेले, आणि मागे उरली फक्त आठवण की स्वस्त कोटेशन असताना महागाला काम दिले गेले.

लेखापरीक्षण झाले म्हणजे सगळे स्वच्छ, अशीही एक समजूत असते. लेखापरीक्षक पावती आहे का, धनादेश जुळतो का, नियमाप्रमाणे मंजुरी आहे का हे पाहतो. गच्चीला तेव्हाच हात घालण्याची गरज होती का आणि त्याच माणसाकडून का, हे ठरवायला तो बसलेला नसतो. ते सभासदांनीच विचारायचे असते. पारदर्शकता या शब्दाचा अर्थ आपण आकडे दाखवणे एवढाच घेतो. आकड्यांबरोबर निर्णयाचे कारण आणि विरोधी मतही लिहून ठेवले, तरच दहा वर्षांनी येणाऱ्या सभासदाला आजच्या समितीचा प्रामाणिकपणा दिसेल. ‘सर्वानुमते’ हा शब्द आपल्या इतिवृत्तांत फार स्वस्त झाला आहे. एखादा ठराव १९ विरुद्ध ६ मतांनी झाला असे लिहिलेले असेल, तर त्या सहाजणांनाही संस्था आपली वाटते.

व्हॉट्सअ‍ॅप आल्यापासून माहितीचा सुकाळ झाला आहे असे वाटते. सोसायटीच्या गटावर सकाळी गुलाबाची फुले येतात, दुपारी टाकी साफ करण्याची सूचना येते, रात्री पार्किंगवरून दोघांची जुंपते. या धबधब्यात तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता मात्र क्वचितच येतो. बोलणे वाढले, कागद होते तेवढेच राहिले.

संशयाचीही किंमत असते

इथवर वाचून समित्यांवर राहिलेली मंडळी म्हणतील की, दोष सगळा आमच्याच माथी मारला. तसे नाही. अविश्वासाची दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक धोक्याची आहे. समितीवर कुणाचा विश्वास नसला की गरजेचा खर्चसुद्धा मंजूर होत नाही.

आपल्या जुन्या इमारतींचे साधे गणित करून पाहा. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का जमवायचा असतो. चाळीस वर्षांपूर्वी ज्या सदनिकेचा बांधकाम खर्च एक लाख रुपये धरला गेला, तिच्यामागे सिंकिंग फंड पडतो वर्षाला २५० रुपये. चाळीस वर्षांत, व्याज सोडून, १० हजार. त्यात आज गच्चीचा एक कोपराही धड होणार नाही. तेव्हा कधीतरी समितीला उभे राहून सांगावेच लागते की प्रत्येकी दीड लाख काढा. त्या क्षणी सभासद आकड्याकडे पाहत नाहीत, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. मागची दहा वर्षे कागद मिळाले नसतील, तर हा दीड लाख कुणाच्या खिशात जाणार, हाच पहिला विचार मनात येतो. दुरुस्ती पुढच्या वर्षावर जाते. मग त्याच्या पुढच्या.

अमेरिकेत फ्लॉरिडातल्या सर्फसाइड या किनाऱ्यावरच्या गावी नेमके असे घडत गेले. ‘शाम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही १९८१ साली बांधलेली बारा मजल्यांची, १३६ सदनिकांची इमारत. तिचा कारभार आपल्याकडच्यासारखाच घरमालकांनी निवडलेल्या समितीकडे होता. २०१८ साली अभियंत्याने अहवाल दिला की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या फरशीखालचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले असून त्यामुळे काँक्रीटची मोठी हानी होत आहे. खर्चाचा अंदाज तेव्हा सुमारे ९० लाख डॉलर होता. त्यावर वाद झाले. २०१९ मध्ये समितीतल्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. एप्रिल २०२१ मध्ये अध्यक्षांनी सभासदांना पत्र लिहून सांगितले की हानी वाढतच चालली आहे. तोवर आकडा दीड कोटी डॉलरपर्यंत गेला होता, आणि एकेका घराच्या वाट्याला ८० हजारांपासून तीन लाखांहून अधिक डॉलर येत होते. रक्कम भरायला सुरुवात व्हायची होती १ जुलैपासून. २४ जूनच्या पहाटे दीडच्या सुमारास इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे दगावली.

इमारत कोसळण्याची तांत्रिक कारणे तिच्या मूळ रचनेपर्यंत जातात, तेव्हा सारा दोष त्या वादांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट त्या प्रकरणाने जगापुढे आणली. अहवाल हातात असूनही शेजारी शेजाऱ्याला पटवू शकत नाही, तेव्हा वेळ जातो, आणि इमारत कुणासाठी थांबत नाही. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडाने कायदा केला. जुन्या बहुमजली इमारतींची ठराविक वर्षांनी तपासणी सक्तीची झाली, तपासणीच्या अहवालाचा सारांश प्रत्येक घरमालकाला देणे बंधनकारक ठरले, आणि दुरुस्तीचा निधी साठवण्याच्या कामात सूट घेण्याची वाट अरुंद केली गेली.

आपल्यालाही हे परके नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवरून गुन्हा दाखल झाला. तळमजल्यावरच्या भिंतीला कोण हात लावतो आहे आणि त्याला परवानगी कुणी दिली, हा प्रश्न विचारणारा माणूस दर वेळी भांडकुदळ नसतो. तीस वर्षांपुढच्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण व्हायलाच हवे, असे नियम आपल्याकडे आहेत. पण तो अहवाल किती संस्थांमध्ये प्रत्येक घरात पोचतो? बहुतेक ठिकाणी तो ऑफिसच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली एकाकडे.

पुनर्विकास : कसोटीचा क्षण

या सगळ्याची खरी परीक्षा होते ती पुनर्विकासाच्या वेळी. तिथे प्रश्न सहा लाखांच्या गच्चीचा नसतो, आपले घर दोन-चार वर्षे सोडून जाण्याचा असतो. बिल्डर कोण, जागा किती वाढून मिळणार, भाडे किती, काम अर्धवट राहिले तर काय? समितीतला एखादाजण बिल्डरच्या गाडीत बसताना दिसला, एवढ्यावरून इमारतीत दोन तट पडतात.

अशा तक्रारी वाढल्या म्हणून राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी कलम ७९ अ खाली निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. वास्तुशास्त्रज्ञ किंवा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक सभेत व्हावी, निविदा उघड मागवल्या जाव्यात, त्या सभासदांसमोर उघडाव्यात, विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हजर असावा आणि सभेचे चित्रीकरण व्हावे, असा त्यांचा गाभा. सुधारित निर्देशांत विकासकाच्या निवडीला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती मागितली आहे. हे निर्देश काटेकोर बंधन नसून मार्गदर्शक आहेत, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले. तरीही त्यांचा आशय विसरता येत नाही. ज्यांनी तीस वर्षे एका जिन्यातून ये-जा केली, त्यांच्या बैठकीत कॅमेरा लावावा लागतो. शेजाऱ्यांनी एकमेकांना आधीच कागद दाखवले असते, तर कॅमेऱ्यावर इतके ओझे पडले नसते.

गणपतीचा हिशेब

मग उपाय काय? तो शोधायला फ्लॉरिडाला जाण्याची गरज नाही. आपल्याच इमारतीत तो दरवर्षी डोळ्यांसमोर असतो. गणेशोत्सव संपला की आठ-दहा दिवसांत नोटिसबोर्डावर जमाखर्च लागतो. वर्गणी कुणाकडून किती, मूर्ती केवढ्याची, मंडप, फुले, प्रसाद, मुलांची बक्षिसे, शिल्लक किती, सगळे ओळीने. कोणी मागितलेले नसते आणि लावणाऱ्या पोरांना त्यात अपमानही वाटत नाही. बायकांच्या भिशीतही चिठ्ठी सर्वांसमोर उचलली जाते, बहुधा एखाद्या लहान मुलाकडून. तिथे ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी विचारत नाही, कारण विश्वास उघड्यावर ठेवण्याची ती रीतच आहे.

पंचवीस हजारांच्या गणपतीला जे जमते, ते सहा लाखांच्या गच्चीला का जमू नये? भेद एवढाच की गणपतीचा हिशेब न मागता दिला जातो आणि गच्चीचा मागावा लागतो. मागावा लागला की त्यात आरोपाचा वास येतो. तेव्हा मागण्याची वेळच येऊ नये, ही सवय समितीने लावून घेतली तर निम्मा मामला मिटतो.

त्यासाठी मोठ्या खटाटोपाची गरज नाही. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचे एक पान फळ्यावर लागावे. ठराविक रकमेपुढच्या प्रत्येक कामाच्या कोटेशनांचा तक्ता, निवडीच्या कारणाच्या दोन ओळींसह, काम देण्याआधी सर्वांना दिसावा. सभा आणि समिती या दोन्हींची इतिवृत्ते पंधरवड्यात फिरावीत. समितीतल्या कुणाचा नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस कामाला येत असेल, तर ते आधी सांगून त्याने त्या ठरावावर मत देऊ नये. ओळखीच्या माणसाला काम देणे पाप नाही, ते लपवणे वाईट. महिन्यातून एका रविवारी दोन तास फाइली टेबलावर ठेवून ऑफिस उघडे राहावे. कुणीही यावे, पाहावे. पहिल्या महिन्यात दहाजण येतील, तिसऱ्यात दोन. दार उघडे आहे हे कळले की आत डोकावण्याची निकड बरीच कमी होते.

सभासदांनीही आपल्या बाजूचे काम करायला हवे. वार्षिक सभेला एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असेल तेवढी गणसंख्या लागते. ऐंशी घरांच्या इमारतीत वीस माणसे वेळेवर जमत नाहीत आणि अर्ध्या तासाने सात-आठजणांनी वर्षभराचा कारभार मंजूर केला, तर उरलेल्यांनी कुणाकडे बोट दाखवायचे? प्रश्न आदल्या आठवड्यात लेखी दिला तर सेक्रेटरीला कागद काढून ठेवता येतात, भर सभेत त्याला कोंडीत पकडल्यासारखे होत नाही. आणि सेक्रेटरी हा बिनपगारी माणूस आहे याचे भान सुटता कामा नये. पाणी गेले की त्याला फोन, लिफ्ट अडकली की त्याला फोन, पहाटे वॉचमन झोपलेला दिसला की त्यालाच फोन. अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा कायद्याने आता दिली आहे. पण निवडणुकीला उभे राहायला माणसे मिळत नाहीत, हे बहुतेक ठिकाणचे वास्तव आहे. चांगली माणसे मागे सरतात ती कामाला भिऊन नाही, नंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या कुजबुजीला भिऊन. उघडा कागद हे त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त चिलखत आहे.

आता सुरुवातीची सभा जरा वेगळी कल्पून पाहा. तीच मोकळी केलेली पार्किंगची जागा, त्याच खुर्च्या, तेच वडे. फक्त टेबलाच्या कडेला एक निळी फाइल ठेवलेली आहे. काका चष्मा सावरत विचारतात, “कोटेशनं किती आली होती?” सेक्रेटरी म्हणतात, “तीन आली होती काका. फाइल समोरच आहे, बघा ना. पान चारवर तक्ता आहे.” काका पाने उलटतात, हमीच्या रकान्यावर बोट ठेवतात, मान डोलावतात. “दहा वर्षांची हमी घेतलीत, बरं केलंत,” म्हणत फाइल मिटून शेजारच्या वहिनींकडे देतात.

सहा लाख वीस हजार तेवढेच लागलेले असतात. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात नमस्कार पूर्वीइतकाच मोकळा असतो. आणि पुढच्या वर्षी याच सेक्रेटरींना प्रत्येकी दीड लाख मागायची वेळ आली, तर मागे बसलेल्या माणसांपैकी निदान एकजण तरी उठून म्हणेल, “ते सांगताहेत ना, मग लागत असतील. कागद बघितलाय मी.”